मुलांचे पान

परमुलखात नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्या कुटुंबातील मुलाचा देश कोणता, हा प्रश्न मोठी माणसे स्वतःला सहसा विचारीत नाहीत, कारण त्यांचा देश ती बरोबरच घेऊन आलेली असतात; परंतु ज्या मुलाचा जन्म मस्कतच्या इस्पितळात झाला, ज्याचे पहिले पाऊल बरक्याच्या वाळूत उमटले आणि ज्याच्या निवासाचा दाखला वडिलांच्या नोकरीच्या मुदतीला बांधलेला आहे, त्याला मालवणात सुटीतला पाहुणा म्हणून जागा असते आणि इथे मुदतबंद रहिवासी म्हणून. इथली जमीन त्याच्या नावे लागायची नाही, आणि तिथल्या सातबाऱ्यावर उद्या त्याचे नाव चढले तरी त्या मातीशी त्याची ओळख झालेली नसणार. शाळेच्या पुस्तकातून तो गोदावरी आणि कृष्णा यांची उगमस्थाने पाठ करतो, आणि बसच्या खिडकीतून पाहतो ती वर्षातून एखाद्याच वेळी पाणी वाहणारी वादीची कोरडी, गोट्यांनी भरलेली पात्रे. अशा मुलाला कोणत्याही सरकारच्या मेहेरबानीवाचून आणि कोणत्याही कागदावरच्या शिक्क्यावाचून जे रोज हक्काने मिळते ते त्याच्यापुढे मांडलेले पान. आणि म्हणूनच त्या पानावर काय वाढले जाते, ही मला कधीच केवळ स्वयंपाकघरातली किरकोळ बाब वाटली नाही.

बरका मस्कतच्या पश्चिमेला, बातिना नावाच्या किनारपट्टीवर वसलेले आहे. सोहारकडे जाणाऱ्या हमरस्त्याने निघाले म्हणजे डाव्या हाताला दूरवर हजर पर्वताच्या रुक्ष रांगा दिसतात आणि उजव्या हाताला खजुरीच्या बागांआड समुद्र असतो. कोकणातल्याप्रमाणेच डोंगर आणि दर्या यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर येथील माणसांनी शतकानुशतके बागायत केली, फरक एवढाच की आमच्याकडे आभाळ जे पाणी नको तितके देते, ते यांनी विहिरी खणून थेंबाथेंबाने मिळविले. आता त्या विहिरींचा उपसा मर्यादेबाहेर गेल्यामुळे समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत शिरले आहे आणि किनाऱ्यालगतच्या कित्येक बागा उभ्याउभ्या वाळल्या आहेत. घरात जे पाणी येते ते समुद्राचेच, क्षार काढून गोडे केलेले; बरक्याच्या किनाऱ्यावर वीज आणि पाणी यांचा मोठा प्रकल्प 2003 पासून चालू आहे, आणि मी ज्या पाण्यात तूरडाळ शिजवते ते काही दिवसांपूर्वी याच समुद्राच्या लाटांत होते, हे मुलांना सांगितले म्हणजे ती डाळीच्या वाटीकडे क्षणभर निराळ्याच नजरेने पाहतात.

बाजार मात्र समृद्ध आहे. जून 2024 मध्ये साऱ्या देशाची मध्यवर्ती भाजी-फळांची पेठ मस्कतच्या मवालेह भागातून हलवून बरका विलायतेतील, म्हणजे तालुक्यातील, खझाइन या नव्या वसाहतीत आणली गेली, तेव्हापासून भारत, इराण, येमेन आणि कुठून कुठून आलेला माल येथूनच पुढे जातो. तरीही मुलांना बरोबर घेऊन मी ज्या बाजारात जाते तो किनाऱ्याजवळचा मासळीबाजार आहे. पहाटेच्या होड्या लागल्या की कुप्पा, सुरमई, तारली यांचे ढीग पडतात, लिलाव पुकारला जातो, आणि पांढरी दिश्दाशा घातलेले वृद्ध गृहस्थ माशाचा कल्ला उचलून त्याचा रंग पाहतात, अगदी मालवणच्या बंदरावर आमच्या आत्याबाई पाहत असत त्याच रीतीने. इथे सुरमईला कनद म्हणतात. दर वर्षी 15 ऑगस्टपासून 15 ऑक्टोबरपर्यंत तिच्या मासेमारीला सरकारी मनाई असते, कारण तो तिच्या वाढीचा आणि प्रजननाचा काळ. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै अशी बंदी असते, आणि ती उठल्यावर नारळी पौर्णिमेला आमचे कोळी बांधव दर्याला नारळ अर्पण करतात. माझ्या मुलांना नारळी पौर्णिमा पुस्तकातून ठाऊक आहे, पण समुद्राने 'आता नाही' म्हटले की थांबायचे असते, हे त्यांना बरक्याच्या बाजारातील रिकाम्या फळ्यांनी शिकविले. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे दुसरे मासे येतात, भोपळ्याचे भरीत होते, चवळीची उसळ होते, आणि पुढे ऑक्टोबरच्या मध्यावर पहिली सुरमई तव्यावर पडते तेव्हा धाकटीला कुणी हाक मारावी लागत नाही.

याच्या उलट, जवळच्याच मोठ्या दुकानातील शीतकपाटांच्या रांगेत ऋतू नावाची चीजच नाही. पावाच्या चुऱ्यात घोळलेले कोंबडीचे तुकडे, आठवड्यांमागून आठवडे सारख्याच चवीचे राहणारे गोड दही, चार निरनिराळ्या फळांची चित्रे छापलेली आणि एकाच साखरेची चव असलेली पेये, आणि कढत पाण्यात बुडविले की तयार होणाऱ्या शेवया, हे सारे जानेवारीत जसे तसेच जुलैत, आणि बरक्यात जसे तसेच पुण्यात किंवा टोरांटोत. या वस्तू निर्माण करणाऱ्यांचा हेतू दुष्टच होता असे मी म्हणणार नाही. झटपट शेवयांची युक्ती मोमोफुकू आंदो यांनी 1958 साली शोधली ती युद्धोत्तर जपानमधील अन्नटंचाईचे दिवस पाहिल्यानंतर, आणि उपाशी माणसाला कढत वाडगाभर काहीतरी ताबडतोब मिळावे, या इच्छेत करुणाच होती. पण दुर्भिक्षाच्या काळासाठी केलेली तजवीज सुबत्तेच्या घरात रोजचा रिवाज होऊन बसली, म्हणजे ती त्या घरातून पुष्कळ काही उचलून नेते: चूल पेटण्याची चाहूल, फोडणीचा वास, भाताचे पाणी आटेपर्यंत भूक धरून ठेवण्याची सवय, आणि आज घरात जे आहे त्यातूनच काहीतरी चांगले करता येते हा विश्वास.

शेजारच्या ओमानी आजीबाईंशी माझे बोलणे अर्ध्या अरबीत, अर्ध्या हिंदीत आणि उरलेले हातवाऱ्यांनी चालते. त्यांचे बालपण 1970 पूर्वीचे, म्हणजे सुलतान काबूस गादीवर येण्याच्या आधीचे, जेव्हा साऱ्या ओमानात पक्की सडक जेमतेम काही मैलांची होती आणि शाळा बोटांवर मोजण्याइतक्या. त्या सांगतात की खजूर, सुकविलेली तारली, घरच्या बकरीचे दूध आणि हिंदुस्थानातून गलबताने आलेला तांदूळ एवढ्यावर त्यांची भावंडे वाढली. मांस ईदला, तेही जमिनीतल्या खड्ड्यात एक-दोन दिवस निखाऱ्यांवर मुरविलेले. त्या दारिद्र्याचे गोडवे त्या गात नाहीत, मीही गाणार नाही. मुलगी तापाने फणफणली तर वैद्य कुठे शोधायचा, असा तो काळ होता. परंतु आज त्यांची नातवंडे शाळेतून येताना बटाट्याच्या तिखट कापांचा चुरा आणि मऊ चीज पराठ्यात गुंडाळून खात येतात आणि घरी शिजलेल्या भात-माशाला हात लावीत नाहीत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते मी आमच्याकडच्या आज्यांच्या चेहऱ्यावर पुष्कळदा पाहिले आहे. सरकारलाही याची काळजी नाही असे नव्हे. 2019 साली फसफसणाऱ्या पेयांवर 50 टक्के आणि तरतरी आणणाऱ्या पेयांवर 100 टक्के अबकारी कर बसविण्यात आला, आणि पुढच्याच वर्षी इतर साखरमिश्रित पेयेही करपात्र ठरली. जकात लावून वस्तू महाग करता येते. घरच्या पानाची गोडी मात्र घरातच लावावी लागते.

आपल्या मराठी कुटुंबांपुढे आणखी एक मोह असतो, आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे मला अगत्याचे वाटते. मस्कतमधल्या भारतीय दुकानांतून गोठविलेल्या पुरणपोळ्या, पाणी घालून थापायची थालीपिठे, पाकिटातली मिसळ, कढीचे चूर्ण असे सर्व काही मिळते, आणि आपल्या भाषेतले नाव त्या वेष्टणावर दिसले की परदेशात राहणाऱ्या आईचे मन विरघळते. तिला वाटते, मुलांना आपण आपला मुलूख खायला घालीत आहोत. मला तसे वाटत नाही. सहा महिन्यांपूर्वी कुठल्याशा कारखान्यात यंत्राने लाटलेली, टिकावी म्हणून नाना द्रव्ये मिसळलेली पोळी केवळ तिच्या नावामुळे घरची होत नाही, आणि उलटपक्षी ओमानच्या सुरमईला मालवणी मसाला आणि कोकमाचे आगळ लावून तिचे कालवण केले, तर ते निम्मे या किनाऱ्याचे असूनही पुरते घरचे असते. घरचे अन्न म्हणजे माहेरच्या गावाहून जपून आणलेली स्मृती, अशी समजूत करून घेतली की परदेशी जन्मलेल्या मुलाच्या वाट्याला नेहमी दुसऱ्याचेच बालपण येते. त्याचे स्वतःचे बालपण जिथे चालले आहे तिथलीच भाजी, तिथलेच मीठ-पाणी, तिथलेच फळ त्याच्या आईच्या हाताखालून गेले पाहिजे.

हे मला प्रथम सासूबाईंनी दाखवून दिले, तेही काही न बोलता. थंडीच्या दिवसांत त्या मालवणहून आमच्याकडे राहायला आल्या असताना घरातले कोकम संपले, आणि मी ते कुठून मागवावे याच्या विवंचनेत असता त्यांनी आजीबाईंच्या घरून आलेली काळी, वाळकी, हलकी लिंबे हातात घेऊन हुंगली. लूमी म्हणतात त्यांना. ताजी लिंबे मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात इतकी वाळवितात की आतला गर काळा पडतो आणि त्याला आंबट, किंचित कडसर, धुरकट असा वास येतो. सासूबाईंनी एक लिंबू फोडले, बिया काढून टाकल्या, आणि उकळत्या आमटीत सोडले. वर हिंग-मोहरीची फोडणी, थोडा गूळ. मुलांनी त्या दिवशी भात पुन्हा मागून घेतला, आणि तेव्हापासून आमच्या घरात ती आमटी 'आजीची आमटी' या नावानेच चालते, जरी मालवणात आमच्या कोणत्याही आजीने ती कधी केलेली नाही. आणि खारीक! आपल्या बाळगुटीत जी उगाळली जाते, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत जी कुटून पडते, ती खारीक पिढ्यान्‌पिढ्या ओमानहूनही आपल्याकडे येत राहिली. मबसली जातीचे खजूर पुरते पिकण्याआधी, पिवळे असतानाच उतरवितात, मोठ्या कढयांतून उकळतात, मग उघड्या जागी कित्येक दिवस कडक उन्हात पसरतात. या कामाला तबसील म्हणतात, आणि शर्किया भागात उन्हाळ्याच्या ऐन भरात ते कुटुंबेच्या कुटुंबे मिळून करतात. तो माल प्रामुख्याने हिंदुस्थानच्या वाटेला लागे. म्हणजे ज्या मराठी बाळांनी ओमानचे नावही ऐकले नव्हते त्यांनी या देशाची चव सहाणेवरून घेतली होती. आणि हे ऐकल्यावर माझ्या मुलाने मला जो प्रश्न केला, 'मग आई, आपण इथले आधीपासूनच होतो का?', त्याला मी होय म्हणाले.

मुले स्वतःच्या आवडीने खातात, त्यांच्यावर लादू नये, असा एक आधुनिक पक्ष आहे, आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरबाईंनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत, नुकतेच अंगावरून तुटलेल्या 15 बालकांना आपले अन्न आपणच निवडण्याची मुभा देऊन, वर्षानुवर्षे त्यांच्या खाण्याची नोंद ठेवली. कुणी काही सुचवायचे नाही, कौतुक करायचे नाही, रागवायचे नाही. बाळाने ज्या वाटीकडे बोट केले ती पुढे करायची. मुडदुसाने दुबळे झालेले एक मूल माशाच्या यकृताचे तेल आपण होऊन घेत राहिले आणि बरे झाल्यावर त्याने ते सोडून दिले, ही हकिकत वाचताना अंगावर रोमांच उभे राहतात. परंतु 1939 साली निष्कर्ष मांडताना बाईंनी स्वतःच निक्षून सांगितले की या प्रयोगाचे मर्म त्या 34 पदार्थांच्या यादीत होते, कारण तीत साखर नव्हती, डबाबंद काही नव्हते, सारे निसर्गाने दिले तसे होते. निवड मुलांची, पण यादी मोठ्यांची. आणि ती यादी बिघडली तर जाणती माणसेही आपल्या भुकेवर विसंबू शकत नाहीत, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने दाखविले: 20 प्रौढांपुढे दोन आठवडे कारखान्यातले अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे शिजविलेले अन्न ठेवले, दोन्हींत साखर, मीठ, स्निग्धांश, तंतू यांचे प्रमाण सारखे राखले, हवे तितके खाण्याची मोकळीक दिली, आणि पहिल्या प्रकारच्या आहारावर तीच माणसे दिवसाला सुमारे 500 कॅलरी अधिक खाऊ लागली.

बरक्याच्या किल्ल्याची एक गोष्ट इथे मला राहून राहून आठवते. अठराव्या शतकाच्या मध्यास, देशात इराणी फौजा असताना, सोहारचा वली, म्हणजे सुभेदार, अहमद बिन सईद याने त्यांच्या सरदारांना या गावी मेजवानीला बोलाविले, आणि पाहुणे जेवायला बसलेले असतानाच त्यांची कत्तल झाली, असे ओमानच्या तवारिखांत नमूद आहे. तोच अहमद पुढे इमाम झाला आणि त्याचेच घराणे आजवर गादीवर आहे. राजकारणाचा न्याय निराळा असतो, परकी अंमल उठविणाऱ्या पुरुषाला आपण शिवकाळाच्या वारसदारांनी बोल लावू नये. पण ती हकिकत ऐकली की मनात येते, जेवायला बसलेला मनुष्य किती निःशस्त्र असतो! आणि मूल तर सर्वांहून निःशस्त्र. वेष्टणामागची बारीक अक्षरे त्याला वाचता येत नाहीत, वाचली तरी उमजत नाहीत. आईने पुढे केले म्हणजे ते चांगलेच असणार, एवढ्या एका श्रद्धेवर ते तोंड उघडते. ज्या घासाविषयी मला विचारले असता तो कुठून आला, कुणी शिजविला, त्यात काय घातले, याचे उत्तर देता येईल, तोच घास मी त्या श्रद्धेच्या बदल्यात देऊ शकते.

याला कष्ट पडतात, आणि ते कुणी करायचे हा प्रश्न टाळून या विषयावर बोलणे अन्यायाचे होईल. दिवसभर इस्पितळात किंवा बँकेत काम करून संध्याकाळी घरी येणाऱ्या स्त्रीला, 'आमच्या वेळी नव्हते हो असे' म्हणून ऐकविणाऱ्यांविषयी मला आदर नाही. आमच्या वेळी एका चुलीभोवती चार बायका होत्या आणि पुरुष पाटावर बसून वाट पाहत होते. आमच्या घरात शुक्रवार-शनिवारच्या सुटीत मासे साफ करणे, वाटण करणे आणि आठवड्याच्या उसळींची कडधान्ये भिजविणे हे काम यांच्याकडे आहे, आणि ते यांनी मदत म्हणून नव्हे तर आपले म्हणून पत्करलेले आहे. जिथे असे होत नाही तिथे पाकिटे येणारच, आणि त्यांचा दोष एकट्या आईच्या माथी मारता येणार नाही. येथील मजुरांच्या वसाहतींतून, घरापासून हजारो मैलांवर राहणारे आंध्र, केरळ, बंगालकडचे पुरुष कामावरून आल्यावर चौघे मिळून एका पातेल्यात कालवण आणि दुसऱ्यात भात चढवितात, त्यांना मी पुष्कळदा पाहिले आहे. कुणी कांदा चिरतो, कुणी तांदूळ धुतो, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटलेला दिसत नाही.

थोरल्याला येत्या वर्षी पुढील शिक्षणासाठी पुण्याला जायचे आहे. त्याने वसतिगृहात न राहता तीन मित्रांबरोबर खोली घ्यायचे ठरविले आहे, म्हणून गेल्या सुटीपासून तो रोज संध्याकाळी ओट्याशी उभा राहतो. कमलाबाई ओगले यांचे 1970 सालचे 'रुचिरा' मी लग्नात आणले होते. वाटी-चमच्याच्या मापांचे ते पुस्तक त्याच्या गणिती स्वभावाला फार मानवले आहे. भाताला पाणी किती, डाळ कितपत घोटायची, हे आता त्याला सांगावे लागत नाही, पोळ्या मात्र अजून वेड्यावाकड्या होतात आणि त्याची धाकटी बहीण त्या आनंदाने खाते. मी त्याला साखरभात किंवा पुरणपोळी शिकवू लागले, तर म्हणाला, पुण्यात ते कुणीही करून घालील, मला आजीची आमटी नीट शिकव, ती तिथे कुणाला येणार नाही. तेव्हा आता त्याच्यासाठी लूमी जमवायची आहे. बातिनातल्या लिंबांच्या बागा गेल्या काही दशकांत रोगाने फार घटल्या आहेत आणि बाजारात येणारा पुष्कळसा माल बाहेरून येतो. आजीबाईंच्या भाच्याकडे अजून काही झाडे आहेत, तो यंदा घरासाठी वाळवील त्यातली दोन किलो देतो म्हणाला आहे.